टॉवेल कोणी टाकायचा

हडी, ता. मालवण
१२ ऑगस्ट २०२५

चि. आकांक्षा,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, ते फाड. पण आधी वाच आणि मग फाड, तेवढं आईसाठी कर.

लिहायला बसले की माझी भाषा अशी शाळेतल्यासारखी होते, त्याला इलाज नाही. समोर असतीस तर मालवणीत चांगली झाडली असती तुला.

तुझे बाबा बरे आहेत. म्हणजे आजारी आहेत, पण त्यातल्या त्यात बरे आहेत. दोन्ही किडन्या गेल्या, हे तुला प्राजक्ताने सांगितलंच असणार. तुझी चुलतबहीण तुला सगळं कळवते हे मला ठाऊक आहे, ती कितीही नाही म्हणू दे. आठवड्यातून तीनदा सर्वेशच्या गाडीने आम्ही डायलिसिसला ओरसला जातो. प्राजक्ताचा भाऊ म्हणून नव्हे, पण पोरगा सोन्यासारखा आहे. एक दिवस नाही म्हणाला नाही. परवा नारळी पौर्णिमेला बाजारात नारळ लढवायला गेले नाहीत बाबा. माणसं घरी बोलवायला आली होती. खिडकीतून हात केला आणि आत वळले.

गेल्या आठवड्यात छातीत पाणी झालं म्हणून गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथली एक गंमत सांगते. दोन डॉक्टर कॉटजवळ उभे राहून इंग्रजीत बोलत होते. दोघेही तुझ्या वयाचे. त्यातला एक म्हणाला, "टाइम टू थ्रो इन द टॉवेल." मला त्यातला टॉवेल तेवढा कळला. मी पिशवीतला धुतलेला टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. पोरगा लालबुंद झाला. आणि तुझे बाबा, नाकात नळी असताना, हसायला लागले. इतके हसले की नर्स धावत आली. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, "शेवंती, तो टॉवेल तेका दिव नको. तुज्याकडेच ठेव. टाकूचो झालो तर तुकाच टाकूचो लागतलो."

येताना गाडीत सर्वेशने विचारलं, काका, टॉवेल टाकणं म्हणजे नेमकं काय? झालं! यांच्या नेव्हीतल्या नोकरीतली बॉक्सिंग सुरू. तुला हे सगळं तोंडपाठ आहे, पण मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. पूर्वी विलायतेत टॉवेल नसायचा म्हणे, स्पंज असायचा. लढणाऱ्याच्या कोपऱ्यात त्याचा माणूस बादली आणि स्पंज घेऊन बसायचा, फेरी संपली की तोंडावरचं रक्त पुसायचा. आपल्या गड्याचं आता काही खरं नाही असं दिसलं की तोच स्पंज वर उडवायचा. म्हणजे थांबवा, हरलो. पुढे स्पंज जाऊन टॉवेल आला. आता कोणी दुकान बंद केलं, कोणी परीक्षा सोडली, तरी इंग्रजीत म्हणतात टॉवेल टाकला. बाबांना हे मान्य नाही. म्हणाले, लढणारा कधी टॉवेल टाकतच नाही. त्याच्या हातात ग्लोव्ह असतात, त्याला टॉवेल धरता तरी येईल काय? टॉवेल टाकतो तो कोपऱ्यातला माणूस. आणि त्या माणसाला काम एकच, आपल्या गड्याकडे बघत राहायचं.

एवढं बोलले आणि काचेकडे वळले. कुडाळ येईपर्यंत बाहेर बघत होते. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही काढलं नाही.

गणपतीला ये. पुण्याहून एका रात्रीची तर वाट आहे.

तुझी आई


हडी
५ सप्टेंबर २०२५

आकांक्षा,

आली नाहीस. बरं.

मुंबईची सगळी माणसं आली, प्राजक्ता आली, शेजारच्यांची दुबईतली सून आली. प्रत्येकीने विचारलं, आकांक्षा खंय? मी म्हटलं, तिच्या क्लबात स्पर्धा आहेत, ती आता पोरींना शिकवते, तिला सवड नाही. खोटं बोलताना माझी जीभ अडखळत नाही, हे मला या गणपतीत समजलं. शिरा पडो त्या स्पर्धांवर.

आरतीला बाबांना खुर्चीत बसवून आणलं. टाळ हातात दिला तर धरवेना. डायलिसिसचा तो हात आता सुजून निळा पडला आहे, जिथे बघावं तिथे सुईच्या जागा. मागच्या पत्रात मी बरे आहेत असं लिहिलं ते खरं नव्हतं. डायलिसिस सुरू झालं की मधेच त्यांचं प्रेशर उतरतं. डोळे वर जातात. मग मशीन थांबवतात, पाय उंच करतात, शुद्धीवर आले की पुन्हा सुरू. हृदयाने साथ सोडली आहे, असं डॉक्टर म्हणतात. गोव्याचा तो पोरगा मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाला होता, "मावशी, हे करून त्यांना आता फक्त त्रास होतोय. थांबवायचं का, ते घरच्यांनी ठरवा." त्या टॉवेलचा अर्थ मला त्याच दिवशी कळला होता. तुला सांगवलं नाही.

घरच्यांनी म्हणजे कोणी? घरात मी एकटी. तू असतीस तर दोघींनी ठरवलं असतं. आणि बाबा परवा म्हणाले, "आता पुरे झाला गो." मी ऐकू आलं नाही असं दाखवून पेज ढवळत बसले.

शेवटी काल देवळात गेले आणि कौल लावला. तू हसशील. हस. बाबली गुरवाने देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला फुलांचे ओले कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू तुज्या दारात इला आसा, तेका वाट दाखव." मी आपली होय म्हाराजा, होय म्हाराजा म्हणत उभी. घरून निघतानाच मनाशी ठरवलं होतं, उजवा पडला तर चालू ठेवायचं, डावा पडला तर देवाची मर्जी. खूप वेळ काहीच पडेना. मग उजवा पडला.

केवढा आनंद झाला म्हणून सांगू. घरी येऊन बाबांच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हटलं, देव हो म्हणाला, चालू ठेवायचं. त्यांनी विचारलं, "तू देवळात गेल्लंस?" मी हो म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

का, ते मला समजलं नाही. कालपासून माझ्याशी धड बोललेले नाहीत.

आई


हडी
१९ सप्टेंबर २०२५

आकांक्षा,

हे पत्र तरी पुरतं वाच. यात तुझंच आहे.

बुधवारी डायलिसिसहून आलो. त्यांना पडवीत आरामखुर्चीत बसवलं, पाय चेपत होते. फणसाच्या फांदीला ती साखळी अजून लोंबकळते आहे, तुझी वाळूची गोणी टांगायची ती. तिच्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी पण गेल्लंय देवळात."

मी म्हटलं, कुठल्या दिवशी?

तुझ्या त्या लढतीच्या आदल्या दिवशी. म्हणाले, प्रत्येक लढतीआधी मी कौल लावायचो, तुम्हां दोघींना कधी सांगितलं नाही. दरवेळी उजवा पडायचा. त्या दिवशी डावा पडला. "डावो कळो पडलो, शेवंती. बाबली माज्या तोंडाकडे बघूक लागलो. मी तेका म्हटलंय, खंय बोला नको."

जायचं रद्द करता आलं असतं. पण तुला कसं सांगणार? राज्याच्या संघात निवड व्हायची होती, तू महिनाभर साखर खाल्ली नव्हतीस. म्हणून घेऊन गेले. आणि तिसऱ्या फेरीत त्या कोल्हापूरच्या पोरीचा ठोसा तुझ्या नाकावर बसला, रक्ताचा एक थेंब आला. नाकावर बसला की येतोच, असं तेच तुला शिकवायचे. पण तो थेंब बघितला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे डावा कळा उभा राहिला. टॉवेल कधी हातून सुटला ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"मी चेडवाकडे बघूकच नाय," म्हणाले. "कोपऱ्यात बसान मी कळो बघी होतंय."

आकांक्षा, तू घर सोडलंस तेव्हा काय ओरडली होतीस ते सगळ्या वाडीने ऐकलं. हार मानायची तर मी मानली असती, तुम्ही कोण? तुला वाटलं बापाचा तुझ्यावर विश्वास नव्हता. तुला वाटलं, मुलगी म्हणून घाबरले. मीही इतकी वर्षं तेच धरून होते. आता हे ऐकून तुला बरं वाटेल की आणखी राग येईल, मला सांगता येत नाही. मला स्वतःला राग आला. इतका आला की त्यांचे चेपत असलेले पाय सोडून मी आत निघून गेले. आजारी माणूस आहे, पण राग तो रागच. एवढ्याशा कळ्यापायी माझी मुलगी गेली.

आतून ऐकलं, ते एकटेच रडत होते. मग मी बाहेर आले.

तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "तू तसा करू नको. कौल बघू नको. माज्याकडे बघ."

मी बघितलं नाही. खरं सांगते, बघवलं नाही. मी म्हटलं, उद्या बोलू, आणि दिवा लावायला उठले.

त्या कौलाचंही खरं सांगून टाकते. मी देवाला डायलिसिस चालू ठेवू का, एवढंच विचारलं नव्हतं. चेडू येईपर्यंत, तू येईपर्यंत ठेवू का, असं विचारलं होतं. मी त्यांना तुझ्यासाठी धरून ठेवलं आहे, बाये. दर आठवड्याला तीनदा त्यांचे डोळे वर जातात ते तुझ्यासाठी जातात. रोज सकाळी पुण्याची गाडी कोल्हापूरवरून फोंडाघाट उतरून इकडे येते, ती वडाकडे थांबेपर्यंत मी पायरीवर उभी असते. त्यातून कोण उतरतं ते बघते आणि मग चहा टाकते.

मला हे फार दिवस झेपणार नाही. ये. रागावून ये, भांडायला ये, पण ये.

आई


हडी
३ ऑक्टोबर २०२५

आकांक्षा,

काल प्राजक्ता फोन घेऊन धावत आली, काकी, तिचा मेसेज! माझे हात पिठाचे, तसेच पदराला पुसले.

एक ओळ. "बाबांना सांग, मी जिंकत होते."

मी तीनतीनदा वर-खाली बोट फिरवून बघितलं, आणखी काही आहे का. नव्हतं. कधी येते ते नाही, कसे आहेत ते नाही. क्षणभर वाटलं, हे त्यांना सांगूच नये. मरणाच्या दारातल्या माणसाला एवढंच पाठवायचं? कुठून आणलंस गो एवढं कडू मन? मग वाटलं, नाही. इतक्या वर्षांत तिने बापाला पाठवलेलं हे पहिलं वाक्य. दाबून ठेवणारी मी कोण?

ते झोपेत नव्हते, नुसते डोळे मिटून पडले होते. मी कानाशी वाकून सांगितलं, आकांक्षा म्हणते, मी जिंकत होते.

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं रडतील. रडले नाहीत. अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "होय. जिकत होता. पहिल्यो दोन्ही फेऱ्यो तेच्योच." मग उजवा हात, तो सुजलेला, थोडा उचलला आणि मूठ वळायला गेले. वळली नाही. म्हणाले, "डावो हात खाली सोडता, तेवढा एक सांग तेका. नायतर जिकत होता."

हे तुला हवं होतं ना? घे. त्यांच्या तोंडून, जसंच्या तसं. माझ्या पदरचा एक शब्द नाही.

नंतर पाणी पाजताना विचारलं, "ता आता दुसऱ्यांच्या पोरींच्या कोपऱ्यात बसता मा?" मी हो म्हटलं. "तेका सांग, पोरीकडे बघ. दुसऱ्या खंय बघू नको."

तेही सांगितलं.

उद्या शनिवार, डायलिसिसचा दिवस. मला त्यांच्याकडे बघायचं आहे. लिहिताना हात जड झाला आहे, पुरे करते.

आई


हडी
६ ऑक्टोबर २०२५

आकांक्षा,

शनिवारी मी बघितलं.

दरवेळी मशीन लागलं की मी बाहेर बाकावर जाऊन बसायचे, जप करायचे आणि फोन हातात धरून ठेवायचे, न जाणो तुझा आला तर. शनिवारी आत स्टूल घेऊन त्यांच्या तोंडासमोर बसले. नर्स म्हणाली, काकी बाहेर बसा, मी म्हटलं, नाही बसणार.

सुई टोचताना ते ओठ चावतात हे मला माहीत नव्हतं. खालचा ओठ आतून सगळा सोलला आहे. थंडी वाजते त्यांना, दात वाजतात. नंतर प्रेशर उतरलं तेव्हा त्यांचं तोंड उघडं पडलं आणि नजर कुठेच नव्हती. पाय उंच केले, सलाईन सोडलं, पुन्हा शुद्धीत आणलं. शुद्धीवर आले ते माझ्याकडेच बघत. मी जेवढा वेळ बघत होते तेवढा वेळ तेही माझ्याकडे बघत होते. आजपर्यंत असंच बघत असतील, आणि समोर कोणी नसेल.

मला कळलं. कौल लागला नाही, डॉक्टर लागला नाही.

मी उठून सांगितलं, काढा. पुढच्या वेळेपासून आम्ही येणार नाही. त्यांनी कागदावर सही घेतली. शेवंती गुरुप्रसाद, एवढं लिहिलं आणि पुढचं आडनाव आठवेना. सर्वेशने सांगितलं तेव्हा लिहिलं.

गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खूप वेळाने म्हणाले, "टाकलंस?" मी म्हटलं, "टाकलंय." म्हणाले, "बरा केलंस गो." आणि ओरसपासून घरापर्यंत गाढ झोपले.

आता थोडे दिवस आहेत, असं डॉक्टर म्हणाले. आठवडा, कदाचित थोडं जास्त. तुला आता ये म्हणत नाही. बघते आहेस ना, मी तुझं नाव घेऊन त्यांना लढवत ठेवलं, ते आता बंद केलं. सकाळची गाडी येते तेव्हा मी आत त्यांचं तोंड पुसत असते. वडाकडे कोण उतरलं ते आता मला माहीत नसतं.

तुझ्यावर मी रागावले नाही. खोटं. रागावले आहे. पण तुझं दुखणं खोटं नव्हतं, हेही मला आता कळतं. मला दोघांचंही कळतं, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आई


हडी
१७ ऑक्टोबर २०२५

चि. आकांक्षा,

बाबा मंगळवारी दुपारी गेले. प्राजक्ताने लगेच तुला कळवलं, तू फोन उचलला नाहीस. पहाटे तुझा मेसेज आला म्हणे, निघते. मग, नाही निघत. मग काहीच नाही. मी प्राजक्ताला म्हटलं, मरांदे, तिला छळू नको. अग्नी सर्वेशने दिला.

शेवटी त्रास फार झाला नाही. श्वास मोठा झाला, मग लांबला. ओठ कोरडे पडत होते म्हणून मी टॉवेलचं टोक ओलं करून लावत होते. तो टॉवेल म्हणजे त्यांचा जहाजावरचा, पांढरा, निळ्या काठाचा. त्या लढतीत टाकला होता तोच. मला माहीत नव्हतं, त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवला होता. गेल्या शुक्रवारी काढायला सांगितला. म्हटलं, आता हा कशाला? म्हणाले, "कामाक येतलो."

तुझं नाव घेतलं का, हे तू कधीतरी विचारशील. घेतलं नाही. उगाच घेतलं म्हणून सांगणार नाही, गणपतीत सांगायचं तेवढं खोटं सांगून झालं. शेवटचा दिवसभर ते बोललेच नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते, आणि मीही नजर काढली नाही. चूल विझली, गाय हंबरत राहिली, माणसं येऊन उभी राहून गेली. मी उठले नाही. श्वास थांबला तो मी थांबताना बघितला.

तो टॉवेल पोस्टाने पाठवायचं मनात होतं. तुझ्या पोरींच्या कोपऱ्यात तुला लागेल. मग विचार बदलला. धुऊन पडवीत दोरीवर टाकला आहे. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

दिवाळीला ये, नाही तर शिमग्याला ये, नाही तर पुढच्या वर्षी. रात्रीची गाडी पकडायची धावपळ करू नको, घाटात धुकं असतं. सावकाश ये.

आता घाई नाही.

तुझी आई